बंद पार्टिशनमधला आवाज

बसस्थानकावरचे ड्रायव्हर त्याला भोंगा म्हणायचे, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. कामच तसं होतं. तिकीटखिडक्यांच्या डोक्यावर एक अरुंद काचेची खोली होती. तिथे बसून तो कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रखडली, कुणाचं पोर चुकलंय आणि कुणाची छत्री सापडलीय हे अख्ख्या स्थानकाला सांगायचा. खाली गाड्यांची इंजिनं घरघरत असली तरी त्याचा शब्द न शब्द स्वच्छ ऐकू यायचा. त्यासाठी ओरडावं लागायचं नाही. हाताखाली नवा माणूस आला की तो सांगायचा, "माईक काही बहिरा नाही. त्याच्या कानाशी बोला, डोक्यावर बसू नका."

घरी मात्र या आवाजाचं कुणाला कौतुक नव्हतं. बायको पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवायची. तिचं मशीन बाहेरच्या खोलीत दिवसभर खडखडत असायचं, आणि तरी ती म्हणायची, "हळू बोला हो! मी फलाटावर उभी नाहीये."

मग एका हिवाळ्यात त्याच्या घशात खवखव सुरू झाली. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, नाही नाही ते काढे झाले. घोषणेच्या मध्येच आवाज फाटायला लागला तेव्हा खालचे ड्रायव्हर वर बघून हसले, आणि महिनाभराने हसायचे थांबले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडवळण न घेता सांगितलं की गाठ वाईट आहे, पण वेळेत सापडलीय. स्वरयंत्र काढून टाकलं तर माणूस वाचेल. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यावा लागेल, आणि पहिल्यासारखं बोलता येणार नाही.

बाहेर येऊन तो बाकावर बसला. बायको शेजारी बसली. तो म्हणाला, "म्हणजे भोंग्याची वायरच कापणार."

"कापू देत," ती म्हणाली. "माणूस घरी आला पाहिजे."

त्याच दवाखान्यात एक वाचातज्ज्ञ बाई होत्या. ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना पुन्हा बोलतं करायचं हे त्यांचं काम. त्यांनी त्याला एक नवीच गोष्ट सांगितली. ऑपरेशनच्या आधी त्याने आपला आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवला, तर त्यावरून एक यंत्र बनवता येईल. त्याने यंत्रावर टाईप करायचं, आणि ते त्याच्या आवाजात बोलेल. "अगदी हुबेहूब नाही," बाई म्हणाल्या, "पण ओळखू येईल इतपत नक्की."

घरी लेकीचा जुना लॅपटॉप होता. कॉलेजात असताना तिने त्याच्या डिस्कचे दोन भाग करून दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम घातल्या होत्या, म्हणजे एका घरात दोन चुली. एका भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, दुकानातून आली ती जुनी, दुसऱ्यात तिची लाडकी नवी. लॅपटॉप चालू केला की पडद्यावर आधी दोन नावं यायची आणि कुठे जायचंय ते निवडावं लागायचं. लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा लॅपटॉप इथेच राहिला. भोंगा जुन्यातच जायचा, कारण रेकॉर्डिंगचा प्रोग्राम त्याला तिथला माहीत होता. स्थानकाच्या कॉम्प्युटरवरही तो सुट्टीच्या दिवसांतल्या घोषणा त्याच प्रोग्रामवर भरून ठेवायचा.

त्याने मनापासून काम केलं. वाक्यांमागून वाक्यं भरली आणि पहिला गठ्ठा पेन ड्राइव्हवर घालून बाईंकडे नेला. त्यांनी हेडफोन लावले, जरा वेळ ऐकलं आणि हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडाला लावला.

"काय झालं?" तो म्हणाला.

त्यांनी त्यालाच ऐकवलं. हेडफोनमध्ये तो भारदस्त आवाजात म्हणत होता, 'कृपया लक्ष द्या. मला तहान लागली आहे. पाणी ताबडतोब आणण्यात यावे.'

"घरी असंच बोलता का हो तुम्ही?"

"घरी मी कुठे बोलतो? घरी मी ऐकतो."

"तेच तर हवंय मला," बाई म्हणाल्या. "घरातलं बोलणं आणा. हसणं, वैतागणं, कुरकुरणं, सगळं. नाहीतर जन्मभर घरात घोषणा होत राहतील, आणि त्या तुमच्या मिसेसना ऐकाव्या लागतील."

पण घरातलं बोलणं ठरवून थोडंच बोलता येतं? तो लॅपटॉपसमोर बसायचा, माईक चालू करायचा आणि त्याचा पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. 'कृपया' तोंडातून निघालाच पाहिजे. ऑपरेशनची तारीख अजून पक्की नव्हती. खाट रिकामी झाली की कळवू असं दवाखान्याने सांगितलं होतं. एका सकाळी तो असाच माईक चालू करून काय बोलावं याचा विचार करत बसला होता, तेवढ्यात बायको आत आली.

"खिडकी लावा म्हटलं होतं ना? बाहेरच्या खोलीत सगळ्या चिंध्या उडतायत."

"मी उघडलीच नाही."

"मग काय वाऱ्याने कडी काढली?"

"अगं, काल तूच म्हणालीस कोंदट होतंय म्हणून! मी उघडली की तुला वारा, मी लावली की तुला कोंदट. मी करायचं तरी काय? खिडकीत जाऊन उभा राहू?"

भांडण रंगलं. खिडकीवरून ते कपाटाच्या दारावर गेलं, दारावरून तिच्या भावाच्या लग्नात याने घातलेल्या चपलांवर, आणि मग मध्येच दोघांनाही हसू फुटलं. ती पलंगाच्या कडेला टेकली. दोघं थोडं इकडचं तिकडचं बोलले. आणि तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता. खाट रिकामी झालीय, लगेच या, उपाशीपोटी या. त्यानंतर घरात जी पळापळ झाली त्यात त्याने लॅपटॉपचं झाकण खाड्कन मिटलं आणि तो तसाच टेबलावर राहिला. रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं की सेव्ह केलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, आणि आवाजही गेला.

बोलता न येणं ही गोष्ट त्याने मनात बरीच घोळवून ठेवली होती. जिचा विचार केला नव्हता ती वेगळीच होती. लोक त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले. जणू घशाबरोबर कानही गेले होते. वॉर्डमधला सफाईवाला त्याच्या तोंडाजवळ वाकून ओरडायचा, "आ-ता! क-सं! वाट-तंय!" तो कोऱ्या कागदांच्या वहीवर लिहायचा, 'बरं आहे, ऐकू येतं,' पण लिहून होईपर्यंत सफाईवाला पुढच्या खाटेशी पोचलेला असायचा.

लेकीला येता आलं नाही. त्याच आठवड्यात ती बाळंत झाली होती, तीही दोन देश पलीकडे. मुलगी झाली होती. ती रोज व्हिडिओ कॉल लावू पाहायची आणि तो रोज काहीतरी सबब लिहून पाठवायचा. खरं कारण त्याच्या गळ्याशी होतं. ते भोक, त्याच्यावरची जाळी, खोकला आला की तिथून होणारा फसफस आवाज. नातीने आजोबा पहिल्यांदा बघावा तो असा? नंतर बघू, तो लिहायचा. जखम भरू दे.

घरी आल्यावर चारच दिवसांनी बाईंनी निरोप पाठवला की यंत्राचं काम सुरू करायचंय, उरलेलं रेकॉर्डिंग पाठवा. त्याने लॅपटॉपला वायर लावली. बॅटरी केव्हाच संपून गेली होती. दोन नावं आली, त्याने जुनी सिस्टीम निवडली. पडद्यावरचं चक्र गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. बंद करून पुन्हा चालू केलं तर एक लांबलचक सूचना आली: मागची स्थिती पुन्हा उघडता येत नाही, ती पुसून नव्याने सुरू करायचं का?

"हो म्हणा की," बायको मागून म्हणाली आणि तिने बटणाकडे बोट नेलं.

त्याने तिचं मनगट धरलं. पुसून हा शब्द त्याला आवडला नव्हता.

मग त्याने दुसरी, नवी सिस्टीम उघडली. ती शहाण्यासारखी सुरू झाली. डाव्या बाजूला जुन्या पार्टिशनचं नावही दिसत होतं, म्हणजे माल जागेवर होता. त्यावर क्लिक केलं की मात्र तीच रड: हा भाग उघडता येत नाही, दुसरी सिस्टीम नीट बंद केलेली नाही. दिसतंय पण हाताला लागत नाही, असा प्रकार. तो सारखा क्लिक करत राहिला. शेवटी बायको म्हणाली, "ते बटण तुटेल."

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्याने दोन मिनिटांत रोग ओळखला. "जुनी सिस्टीम झोपलीय काका. झाकण मिटलं की ती बंद होत नाही, आहे ती अवस्था एका फायलीत लिहून ठेवते आणि झोपते. म्हणून दुसरी तिच्या हद्दीत पाय ठेवत नाही. मी काय करतो, ती झोपेची फाईल उडवतो आणि पार्टिशन जबरदस्तीने उघडतो. पाच मिनिटं लागतील."

भोंग्याने वहीत लिहायला सुरुवात केली, 'पण जे सेव्ह केलं नव्हतं'

"तुमच्या सेव्ह केलेल्या फायलींना काही होत नाही," दुकानदार बोलतच होता. त्याची बोटं कीबोर्डवर होती. "अर्धवट उघडं राहिलेलं जाईल, पण ते कुणाला लागतंय? फार तर काय, पुन्हा करायचं."

पुन्हा करायचं. भोंग्याचं पेन कागदावर अडकलं. त्याने वही वर धरली, दुकानदाराने ती बघितली नाही, कारण दुसरं गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं आणि ते तोंडाने विचारत होतं. आयुष्यभर ज्याच्या एका शब्दावर अख्खं स्थानक थांबायचं, त्याला एका हातभर काउंटरपलीकडच्या माणसाला थांबवता येईना. त्याच्या गळ्यातून नुसती हवा फुसफुसली.

मग बायकोने हात पुढे केला आणि लॅपटॉप दुकानदाराच्या बोटांखालून ओढून घेतला.

"ते लिहितायत," ती म्हणाली. "लिहून होईपर्यंत थांबा."

दुकानदार ओशाळला. थांबला, वाचलं, डोकं खाजवलं. "असं होय. मग मी हात लावत नाही. उगाच पाप नको माझ्या माथी. घरात कुणी जाणकार आहे का? ज्याने या दोन सिस्टीम घातल्या त्यालाच विचारा."

 घरी आल्यावर बायकोने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "आता फोन लावा तिला. दिसणारा."

त्याने मान हलवली. गळ्याकडे बोट दाखवलं.

"तिने बाळंतपणात काय काय सोसलंय, ते तुम्हाला लिहून कळवलं का तिने? नाही ना? ती तुमची लेक आहे. लॅपटॉपची स्क्रीन दिसल्याशिवाय ती उपाय सांगणार कशी? आणि स्क्रीनसमोर तुम्ही बसलेले असणार. तर बसा."

तिने स्वतःच फोन लावला. तिला फोनवर बोलायचा कंटाळा होता. इतकी वर्षं घरातला प्रत्येक फोन त्यानेच घेतला होता.

लेकीचा चेहरा आला. केस विस्कटलेले, खांद्यावर झोपलेलं बाळ. तिने बापाच्या गळ्याकडे पाहिलं, थेट पाहिलं, आणि तिचे डोळे भरले. मग ती म्हणाली, "बाबा, इतकंच? मी काय काय मनात आणलं होतं. दुखतं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. दुखत नव्हतं. निदान आता, या क्षणी तरी नाही.

"बरं. आई, कॅमेरा लॅपटॉपकडे कर. जरा वर. आई, ते तुझं बोट आहे."

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा एकच विचारलं, "त्या दुकानदाराने काही दाबलं का?" नाही म्हटल्यावर तिने सुस्कारा सोडला. "मग काही बिघडलेलं नाही. ऐका बाबा. जुनीच्या भागात आपल्याला काही लिहायचंय का? काही बदलायचंय? नाही. फक्त बघायचंय आणि उचलायचंय. मग जबरदस्ती कशाला? नवीला सांगायचं की हे पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघड. वाचायला ती नाही म्हणणार नाही. झोपेची फाईल आहे तिथे राहील, कुणाला धक्का लागणार नाही."

"म्हणजे झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या खोलीतून चष्मा आणायचा," बायको म्हणाली.

"तसंच समज."

लॅपटॉपच्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची काळी खिडकी उघडली. लेक एकेक अक्षर सांगायची आणि भोंगा दोन बोटांनी टाईप करायचा. पहिल्यांदा एक जागा सोडायची राहिली. दुसऱ्यांदा पार्टिशनचा नंबर चुकला आणि लॅपटॉपने फटकारलं. बाळ उठलं, रडायला लागलं, लेकीने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बोलत राहिली. तिसऱ्यांदा एंटर दाबल्यावर काहीच झालं नाही. कसलीही सूचना नाही, तक्रार नाही, नुसती ओळ खाली सरकली.

"झालं," लेक म्हणाली.

"काय झालं? काहीच तर झालं नाही," बायको म्हणाली.

"ओरडलं नाही म्हणजे झालं. आता फोल्डर उघडा."

फोल्डर उघडला. एकामागून एक त्याच्या घोषणा ओळीने उभ्या होत्या. सगळ्या होत्या, आणि त्याला नेमकी हवी होती तेवढी नव्हती. त्याने वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शेवटची. खिडकीची. सेव्ह नव्हती,' आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

लेकीने ते वाचलं. "कुठला प्रोग्राम वापरलात?" त्याने नाव लिहिलं. तिचा चेहरा हळूहळू उजळला. "तो प्रोग्राम चालू असताना जसजसं ऐकतो तसतसं एका कच्च्या फायलीत उतरवत जातो. सेव्ह करणं म्हणजे फक्त तिला नाव देणं. नक्की सांगत नाही हं बाबा, पण ती फाईल डिस्कवर असू शकते. लपलेले फोल्डर दाखव म्हणून सांगा लॅपटॉपला."

तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये ती होती. नाव म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची नुसती खिचडी, पण तारीख त्या सकाळची होती आणि आकार चांगला भरघोस. तिची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. मूळ फाईल जिथे होती तिथेच सोडली. नव्या सिस्टीममधल्या प्रोग्रामला ती नक्कल उघडायला सांगितली, त्याने थोडा वेळ घेतला, आणि पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटल्या.

आधी खुर्ची करकरली. मग बायकोचा आवाज: 'खिडकी लावा म्हटलं होतं ना?'

आणि मग तो. 'मी उघडलीच नाही.'

फोन धरलेला बायकोचा हात खाली आला. लेकीला आता पडद्यावर फक्त फरशी दिसत होती. खोलीत ते भांडण पुन्हा झालं. कपाट, भावाचं लग्न, चपला. त्याचा आवाज वर चढत होता, चिडत होता, मग फुटून हसत होता. एकही 'कृपया' नव्हता. मग पलंग कुरकुरला आणि तो हलकेच म्हणाला, 'काय गं, भीती वाटतेय का तुला?'

'मला कशाला? तुम्हाला वाटतेय का?'

'थोडी. तू आहेस म्हणून थोडीच.'

हे तो बोलला होता हे तो विसरूनही गेला होता. बायको खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. फरशीवरच्या फोनमधून लेकीचा आवाज आला, "आई? बाबा? अहो, ऐकू तर आलं मला सगळं. कोणीतरी मला उचला!"

त्याने फोन उचलला, स्वतःकडे वळवला आणि गळा झाकायचा विसरला. पलीकडे नात जागी होती. ती टक लावून बघत होती, म्हणजे नेमकं कशाकडे ते त्या वयात सांगता येत नाही.

वाचातज्ज्ञ बाईंनी ते रेकॉर्डिंग ऐकल्यावर सांगितलं की आधीच्या सगळ्या गठ्ठ्यापेक्षा हे एक कामाचं आहे. यंत्र तयार व्हायला काही आठवडे लागले. एक छोटी पाटी, वर कीबोर्ड, बाजूला स्पीकर. पहिल्या दिवशी ते ऐकून तो हिरमुसला. आवाज त्याचाच होता, पण पातळ, जणू जिन्याखालून येत होता. काही शब्दांवर ते भलतीकडे जोर द्यायचं. त्याने टाईप केलं, 'हा भोंगा नाही, शिट्टी आहे,' आणि यंत्राने तेही त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं, तेव्हा बाई हसल्या आणि तोही नाइलाजाने हसला.

घरी येऊन त्याने ते आतल्या खोलीत टेबलावर ठेवलं. बाहेर मशीन खडखडत होतं. त्याने सहज टाईप केलं, 'अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?'

"टीव्हीवर बघा!" बायको बाहेरून मशीन न थांबवता म्हणाली. "मी कुठे ठेवतेय तुमचा चष्मा? दर वेळी माझ्या नावाने—"

मशीन थांबलं. ती दारात आली. हातात अर्धवट शिवलेला पडदा होता. 

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

त्याने तेच पुन्हा टाईप केलं नाही. दुसरंच काहीतरी लिहायला घेतलं. त्याला दोन बोटांनी वेळ लागला, आणि ती दाराला टेकून त्याचं लिहून होईपर्यंत थांबली.

'टीव्हीवर नाही,' यंत्र म्हणालं. 'मघाशी पाहिलंय मी.'

"मग डोक्यावर बघा," ती म्हणाली. चष्मा खरंच डोक्यावर होता.

आता तो आठवड्यातून एक दिवस दवाखान्यात जातो. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय अशी माणसं वाचातज्ज्ञ बाई त्याच्याकडे पाठवतात. परवा एक शाळामास्तर आले होते. घाबरलेले, शब्द मोजून बोलणारे. भोंग्याने त्यांना यंत्रावर आपला आवाज ऐकवला, रेकॉर्डिंग करताना माईक कसा धरायचा ते दाखवलं, आणि मग सावकाश टाईप करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरात कुणीतरी मनातलं बोलेल तेव्हा माईक चालू ठेवा. दोन, रोज रात्री झोपण्यापूर्वी फाईल सेव्ह करा आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मास्तर दुसऱ्या गोष्टीवर हसले. भोंगा हसला नाही. त्याने त्यांचा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि प्रत कशी ठेवायची ते दाखवायला लागला.